वाफसा न आल्यामुळे

दिनांक मी पंचांगातील नक्षत्रांनी देत आहे. कार्यालयीन शिक्क्यांवरील दिनांकांवर माझा विश्वास उरलेला नाही.

रोहिणी नक्षत्र: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एका बाईंना बोलू दिले गेले नाही. जबाबदार: संस्थेचा चिटणीस.

मृगाचा तिसरा दिवस: बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला, आमच्या इमारतीमागील मोकळ्या भूखंडात फळझाडांसाठी नऊ खड्डे खोदले गेले. जबाबदार: संस्थेचे अध्यक्ष परब, आणि खड्ड्यांचे माप ज्याने कागदावर लिहून दिले तो चिटणीस.

आश्लेषा: 'सदर जमीन फळझाडांस अयोग्य' असा शेरा मारला गेला. जबाबदार: पाहणीस आलेले निरीक्षक, त्यांची सही तेव्हाही वाचता येत नव्हती, आजही येत नाही.

हस्त: त्याच अयोग्य जमिनीवर झाडे उभी राहिली. जबाबदार: गयाबाई.

चिटणीस मी होतो.

या गोष्टीला आठ पावसाळे झाले. नववा लागला आहे आणि आमच्या मागील अंगणात जांभळे पडत आहेत. सकाळी फाटक उघडून आत गेले की चपलेखाली एक मऊ, ओला आवाज होतो आणि फरशीवर जांभळी शाई सांडते. चौथ्या मजल्यावरील मुलींच्या जिभा पाहिल्या की शाळेला जाताना त्या कुठून गेल्या हे विचारावे लागत नाही. याच महिन्यात, याच शाईच्या रंगाचा शिक्का असलेले एक पत्र मला मिळाले. त्यात लिहिले आहे की, 'पूर्वीच्या पाहणी शेऱ्यानुसार सदर जमीन फळझाडांस अयोग्य असल्याने' हा भूखंड दुकानगाळ्यांसाठी परत घेण्याचा विचार चालू आहे. पत्र मी जांभळाखाली उभा राहून वाचले. वाचत असताना एक पिकलेले जांभूळ नेमके 'अयोग्य' या शब्दावर पडले. तो डाग मी पुसलेला नाही. पुरावा पुसू नये, हे मी एका सॉलिसिटरच्या कचेरीत लेखनिक म्हणून उभी हयात घालवताना शिकलो. त्या नोकरीमुळेच इमारतीत मला सगळे 'वकील' म्हणतात. मी वकील नाही. हे मी अनेकदा लेखी कळवले आहे.

तो सरकारी भूखंड कार्यालयाने आमच्या ताब्यात एकाच अटीवर दिला होता: तिथे फळबाग उभी राहिली पाहिजे. बाग नाही, तर भूखंड नाही. अट स्पष्ट होती आणि मला स्पष्ट अटी आवडतात. परबलाही अडचण वाटली नाही. परब गिरणीतून निवृत्त झालेला, माझ्याच तालुक्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि माझ्याहून दुप्पट मोठ्या आवाजाचा. आम्ही दोघेही कोकणातले. झाड कसे लावावे हे आम्हांला कोणी शिकवावे, ही कल्पनाच आम्हांला सहन होण्यासारखी नव्हती.

"खड्डो जितको खोल, तितका झाड खुशाल," परब म्हणाला. "तीन फूट लिव, वकील. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल."

मी लिहिले. कार्यालयाने त्याच शब्दांत मंजुरी दिली: 'खड्डे खोदून फळझाडे लावणे'.

आमच्याकडे जांभ्या दगडाच्या जमिनीत खड्डा हा झाडाचा पाळणा असतो. खडक फोडावा, त्यात तांबडी माती आणि पालापाचोळा भरावा, कलम ठेवावे; चार महिने आभाळ फाटले तरी पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली निघून जाते. हे ज्ञान आमच्या हाडात होते. हाडातल्या ज्ञानाची अडचण अशी की ते गाव बदलले तरी बदलत नाही. परबच्या भावाने आंब्याच्या पेट्यांच्या ट्रकमधून गावच्या तांबड्या मातीची पोती पाठवली. ती पोती उतरली तेव्हा अर्धी इमारत खाली आली होती. कोणी मूठभर माती हुंगली, कोणी तुळशीसाठी पिशवीत भरून नेली. माझ्या पत्नीने चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मग कोणी पाहिले तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितले. मी पाहिले होते. माझाही हात त्याच पोत्यात होता.

त्याआधीच्या सभेत गयाबाई उठल्या होत्या. तळमजल्यावर राहणाऱ्या, टपाल खात्यातल्या एका मुलाची आई. परभणीकडच्या. गावी त्यांचे आयुष्य काळ्या जमिनीत, दुसऱ्याच्या काळ्या जमिनीत, राबण्यात गेलेले. नऊवारीचा पदर खोचून, हात वर न करता, त्या सरळ म्हणाल्या, "वकीलसाहेब, काळ्या रानात असा खड्डा करू नका. त्यो खड्डा न्हाई ऱ्हात, रांजण होतो. झाड बुडून मरंल."

मी उपविधींचे पुस्तक उघडले. सभासद त्यांचा मुलगा होता, त्या नव्हत्या. सभेत बोलण्याचा अधिकार सभासदाला आहे, हे मी कलमासह त्यांना सांगितले. त्या खाली बसल्या. "बरं," एवढेच म्हणाल्या. नियम बरोबर होता. त्या नियमामागे मी लपलो होतो, आणि कशापासून लपलो होतो हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला कळत होते. आमच्याकडचा कोणी पाहुणा उठून बोलला असता तर मी पुस्तक उघडले नसते. हे वाक्य लिहायला मला आठ वर्षे लागली आहेत.

पाच हापूस, तीन फणस, एक चिकू. मृगात लावले. मांडव घातला होता, पेढे वाटले होते, परबने भाषण केले होते. आर्द्रात पाऊस लागून राहिला आणि आमच्या खड्ड्यांनी आपला खरा स्वभाव दाखवला. आमची जमीन म्हणजे खाजणावर, खाडीच्या खारट दलदलीवर, टाकलेली चिकण काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती लोण्यासारखी लिंपते. फावड्याने खड्ड्याच्या भिंती घोटून घोटून आम्हीच त्यांना गिलावा केला होता. आजूबाजूच्या जमिनीवरून वाहणारे पाणी सैल तांबड्या मातीत शिरायचे, आणि तिथून त्याला जायला वाट नव्हती. गावची माती काळ्या मातीच्या हौदात तरंगत होती. पुनर्वसूत पाने पिवळी पडली. पुष्यात परबने एक फणस ओढला तो मुळासकट हातात आला. मुळे काळी, बुळबुळीत. वास कुजलेल्या सुक्या मासळीचा.

परबने मुळांना चिकटलेली तांबडी माती बोटाने पुसली. मग म्हणाला, "वाट लागली रे." आणि थोड्या वेळाने, "आपल्या मातीत मेला."

मी त्या दिवशी तीन पत्रे लिहिली. एक रोपवाटिकेला, एक पर्जन्यजल वाहिनीच्या खात्याला, एक वर्तमानपत्राला. पत्नी चहा ठेवत म्हणाली, "कागदान झाडां जगत असती तर आमच्या घरात जंगल झाला असता."

"मग काय करू?" मी विचारले.

"जिका बसवलात, तिका इचारा."

आश्लेषात निरीक्षक आले. छत्री न मिटता त्यांनी नऊ डबकी पाहिली, शेरा लिहिला आणि तोंडी सांगितले की दसऱ्यापर्यंत फळझाडे उभी दिसली नाहीत तर भूखंड परत. त्या संध्याकाळी मी तळमजल्यावर गेलो. दार गयाबाईंनीच उघडले. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून एक अत्यंत सुसंबद्ध वाक्य तयार केले होते. ते मला आठवेना. मी म्हणालो, "झाडे मेली."

"म्या बघितलं की," त्या म्हणाल्या. "या, बसा. च्या घेता?"

चहा झाल्यावर त्या मागच्या अंगणात आल्या, वाकल्या, मूठभर माती उचलून दाबली आणि उघडून दाखवली. बोटांचे ठसे उमटलेला काळा गोळा. "हे बघा. असं हाय तवर हात लावायचा न्हाई. आता खणलं तर वीट होती मातीची. वाफसा येऊ द्या."

वाफसा. हा शब्द मी ऐकलेला होता, पण जसा आपण एखादा परगावचा सण ऐकतो तसा. आमच्याकडे भातासाठी चिखल करतात. जमीन जितकी भिजलेली तितकी चांगली. पाणी ओसरून मातीत हवा शिरेपर्यंत, ना ओली ना कोरडी अशी ती होईपर्यंत, हातातली अवजारे खाली ठेवून थांबायचे, ही गोष्ट आमच्या रीतीत नव्हती. माझ्या स्वभावात तर मुळीच नव्हती.

"आणि वाफसा आला हे कळणार कसे?"

"मूठ वळायची. गोळा टाकायचा खाली. लिबलिब पडला तर न्हाई. फुटला तर हाय."

"दसऱ्यापर्यंत येईल?"

"ते म्या कसं सांगू? जमीन काय तुमच्या कचेरीत कामाला हाय व्हय?"

मी कार्यालयाला मुदतवाढीचा अर्ज केला. कारण: 'जमिनीस अद्याप वाफसा न आल्यामुळे'. आठ दिवसांनी उत्तर आले. ते मी जपून ठेवले आहे. 'वाफसा ही संज्ञा नियमावलीत आढळून येत नाही. सबब मुदतवाढ देता येत नाही.' एवढ्या मोठ्या कृषिप्रधान राज्याच्या एका कार्यालयाने हे लिहिले होते. मी ते रागाने इतक्यांदा मोठ्याने वाचले की पत्नीने कागद माझ्या हातून काढून घेतला. पण खरे सांगायचे तर त्या रागात मला एक विचित्र गारवा जाणवला. तो शब्द कालपर्यंत माझ्याही नियमावलीत नव्हता.

मघा गेल्या, पूर्वा गेली. रोज सकाळी मी, परब आणि गयाबाई मागच्या अंगणात जाऊन मूठ वळत असू. तिघे म्हातारे, तीन छत्र्या, तीन काळे गोळे. पलीकडच्या इमारतीतील लोक गॅलरीत उभे राहून पाहत. "काय परबकाका, लाडू वळताय?" कोणीतरी ओरडले. परबने त्याला लाडू मारण्याची तयारी केली. गयाबाईंनी त्याचा हात धरला. "वाया घालवू नका. माती हाय ती."

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत मला त्या जमिनीचे रंग दिसू लागले. ती एकसारखी काळी नव्हती. खाडीकडे तिच्यात निळसर झाक होती, भिंतीकडे राखी. उन्हाची तिरीप आली की वर बारीक मीठ चकाकायचे. बगळे आमच्या डबक्यांत येऊन एका पायावर उभे राहत, जणू तेही मुदतवाढीच्या प्रतीक्षेत. एकदा मी गयाबाईंना विचारले, गावी त्यांची स्वतःची झाडे होती का. त्या हसल्या. "रानच नव्हतं तर झाड कुठलं? पण माती काय मालक बघून बोलती व्हय? तिला कोन खनतंय, त्याला ती सांगती."

गणपती झाले आणि उत्तरात पाच दिवस उघडीप मिळाली. चौथ्या सकाळी गयाबाईंनी गोळा टाकला. तो पडला आणि फुटला. अगदी शंकरपाळ्यासारखा, खुसखुशीत. परबने आपलाही गोळा टाकला. फुटला. मग माझा.

"लागा," गयाबाई म्हणाल्या.

त्या दोन दिवसांत जे झाले ते आमच्या सर्व ज्ञानाच्या उलट होते. खड्डा खोदायचा नाही. जमीन फक्त टिकावाने सैल करायची, म्हणजे मुळांना खाली जायला फटी मिळतील. मग सभोवती चर मारायचा, चरातून निघालेली काळी माती मधोमध ओढायची, आरे कॉलनीतून आणलेले जुने शेणखत तिच्यात मिसळायचे आणि गुडघ्याच्या वर येईल असा रुंद उंचवटा करायचा. झाड त्या उंचवट्याच्या माथ्यावर. चरांचे तोंड उतारावरच्या गटाराकडे. वर वाळलेल्या गवताचे पांघरूण. तांबडी माती? "ती कुंडीत घाला," गयाबाई म्हणाल्या. "काळीत काळीच. दोन माती येका जागी घातल्या की पानी मधीच अडतंय."

झाडे कोणती, यावर माझ्या पत्नीने निकाल दिला. "फणसाचा नाव काढू नुको. मुळात पाणी रवला की फणस मेलोच." हे तिला लहानपणापासून माहीत होते. आम्ही तिलाही विचारले नव्हते. पेरू, चिकू आणि जांभळाची रोपे परब गोराईहून तरीतून घेऊन आला, मांडीवर धरून. त्यांत त्याने एक हापूस लपवून आणला होता.

"एक तरी पायजे गं बाय," तो गयाबाईंना म्हणाला. सभेत मेज आपटणाऱ्या त्या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गयाबाईंनी त्याच्यासाठी सर्वांत उंच उंचवटा करून दिला.

आणि मग हस्ताचा पाऊस आला. गडगडत, हत्तीने सोंडेने ओतावा तसा. सबंध दिवसभर मी खिडकीशी उभा होतो. अंगण भरले, चर भरले, भूखंडाचे तळे झाले. आणि त्या तळ्यात आमचे नऊ उंचवटे नऊ बेटांसारखे, प्रत्येकावर हातभर उंचीचे एकेक रोप, वाकत, उठत, पुन्हा वाकत. दुपारी चरांतून पाणी गटाराकडे धावताना दिसले. त्याचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत बेटांची पुन्हा जमीन झाली. मी खाली गेलो, एका उंचवट्यात बोट खुपसले. आत माती ओलसर होती. ना ओली, ना कोरडी. मला तो शब्द माहीत होता आता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निरीक्षक आले तेव्हा पेरूंना तांबूस पालवी फुटली होती. त्यांनी ती पाहिली, मंजुरीचा कागद पाहिला, पुन्हा ती पाहिली.

"मंजुरी खड्ड्यांची आहे," ते म्हणाले. "हे खड्डे नाहीत. हा भराव आहे. भरावाला वेगळी परवानगी लागते."

माझ्या आयुष्यात इतका सुंदर मुद्दा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मी म्हणालो, "भराव बाहेरच्या मातीचा असतो. ही माती याच भूखंडातील आहे. ती इथे आलेली नाही, केवळ बाजूला सरकली आहे."

"मग खड्डा कुठे आहे?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच मागून गयाबाई म्हणाल्या, "हाय की साहेब. ह्यो काय भवतीनं. खड्डा भाईर हाय, झाड आत हाय."

परब हसू दाबण्यासाठी खोकू लागला. मी मंजुरीचा कागद निरीक्षकांपुढे धरला. "'खड्डे खोदून फळझाडे लावणे'. खड्डे खोदले आहेत. फळझाडे लावली आहेत. झाड खड्ड्याच्या आतच असावे, असे या मंजुरीत कुठेही म्हटलेले नाही. असल्यास कृपया बोट ठेवावे."

त्यांनी बोट ठेवले नाही. पेरूचे एक पान उलटून पाहिले, मग 'पाहणी केली. झाडे उभी' असे लिहून ते गेले. त्या संध्याकाळी तळमजल्यावर चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी परबने अख्ख्या इमारतीला श्रीखंड खाऊ घातले. भूखंड राहिला. मात्र आधीचा शेरा त्यांनी खोडला नाही, आणि विजयाच्या धुंदीत मीही तो खोडून घेतला नाही. ही चूक माझी.

आज पेरू इतका लागतो की पोपट माजले आहेत. चिकू उतरवून गवतात पिकवावे लागतात आणि कोणाच्या घरी किती दिले यावरून भांडणे होतात, ज्यांवर निर्णय देण्याचा मान माझ्याकडे आहे. परबचा हापूस जिवंत आहे, हिरवागार आहे, आणि आठ वर्षांत त्याने चार आंबे दिले. परब म्हणतो, तो विचार करतोय.

नव्या पत्राला उत्तर देण्यासाठी मी जुनी कागदपत्रे काढली आणि रोहिणीतील त्या सभेचे इतिवृत्त माझ्याच अक्षरात समोर आले: 'एका बिगरसभासदाने विषयबाह्य उद्गार काढले. चिटणिसांनी नियम निदर्शनास आणला.' विषयबाह्य. जी एकमेव व्यक्ती विषयावर बोलली, तिच्याविषयी. आणि मी कार्यालयाला जाब विचारायला निघालो होतो.

गेल्या रविवारी सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि ते वाक्य मोठ्याने वाचले. मग त्याची दुरुस्ती वाचली: 'श्रीमती गयाबाई यांनी खड्डे न खोदण्याचा योग्य सल्ला दिला. चिटणिसांनी तो ऐकून न घेता त्यांना खाली बसवले. हे चिटणिसांचे चुकले. भूखंडावरील सर्व झाडे त्यांच्या सल्ल्याने उभी आहेत.' परब प्रथम उठला, अनुमोदन देण्यासाठी. गयाबाई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मला नंतर नवे पत्र वाचून दाखवायला सांगितले.

"अयोग्य म्हंजी काय वो?"

"लायक नाही," मी म्हणालो.

"असं व्हय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "ते लई ऐकलंय." आणि पदरात जांभळे वेचू लागल्या.

सबब, ज्या कार्यालयाने आठ वर्षांपूर्वीचा शेरा आज पुन्हा वापरला आहे, त्याच्या प्रमुखांकडे माझी जाहीर मागणी अशी. बंद पाकिटातून उत्तर पाठवू नये. ते मी स्वीकारणार नाही. आपण स्वतः आमच्या अंगणात यावे. जांभळाखाली उभे राहावे. उघडीप असेल त्या सकाळी मूठभर माती उचलून वळावी, खाली टाकावी, आणि ती फुटली की जमलेल्या सर्वांसमक्ष सांगावे, अयोग्य नेमके काय होते: ही जमीन, की ती मुठीत न घेता लिहिलेला शेरा. माझे उत्तर मी चारचौघांत उभा राहून दिले आहे, आणि ते इतिवृत्तात नोंदले आहे. आता आपले द्यावे. वाफसा आलेला आहे.